जोडीचा टायर

टायर किती चालतो, असं आमच्या दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि भाऊजी रोज तेच उत्तर देतात, "टायर चालत नाही, त्याला चालवावं लागतं." भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ट्रकवाले त्यांना उस्ताद म्हणतात. माझ्या नवऱ्याला साहेब म्हणतात, आणि तसं म्हणताना एकमेकांकडे बघून हसतात. ते हसणं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सासरे अचानक गेले तेव्हा भाऊजी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते आणि धाकटा जेमतेम पावलं टाकत होता. शाळा सुटली आणि हातात टॉमी आली. टॉमी म्हणजे रिमवरून टायर उपटून काढायची लोखंडी पहार. तेव्हापासून ती सुटलेली नाही. आधी दुकान उभं करायचं, मग धाकट्याचं शिक्षण, मग धाकट्याचं लग्न. स्वतःची पाळी येईपर्यंत केस पिकले. लोक म्हणतात, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मीही तेच म्हणत आले.

टायरवरून तळवा फिरवला की गाडीची सगळी कुंडली त्यांना कळते. दोन्ही काठ झिजले असतील तर हवा कमी होती. मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त होती. एकाच बाजूने खाल्ला असेल तर चाकं सरळ नाहीत. मध्येच चट्टे दिसले की ते मान वर न करता ड्रायव्हरला विचारतात, "ब्रेकवर उभा राहतोस का रे?" ड्रायव्हर ओशाळतो. ओझं जास्त घातलं, तापल्या रस्त्यावर गाडी दामटली, चाकं वेळेवर आलटून पालटून लावली नाहीत, तर टायर कितीही चांगला असो, अर्ध्यात मरतो.

आणि माझा नवरा? तो पंख्याखाली बसतो. फोन घेतो, चहा मागवतो, गिऱ्हाइकाला खुर्ची देतो. आयत्या बिळावर नागोबा, हे मी त्याच्या तोंडावर म्हटलंय, एकदा नाही, अनेकदा. तो चिडत नाही, हीच तर रड आहे. "दादाला तसंच आवडतं," एवढंच म्हणतो.

यंदा भाऊजींचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता जड उचललंत तर हा हात पुन्हा वर जाणार नाही. भाऊजींनी शहाण्यासारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं.

"आता तुम्ही उठायचं," मी नवऱ्याला म्हटलं.

"दादा म्हणाला तर उठतो."

"दादांनी म्हणायची वाट बघता बघता तुमची दाढी पांढरी होईल, आणि त्यांचा हात गळ्यात बांधायची वेळ येईल."

तो चपला घालून दुकानाकडे निघाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वयंपाकघराला कडी घातली आणि त्याच्या पाठोपाठ दुकानात गेले. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच होता.

थोड्याच वेळात एक ट्रक आला. ड्रायव्हर उतरला तोच शिव्या घालत. नवा टायर इतक्यात झिजून गोटा झाला म्हणून कंपनीला शिव्या, रस्त्याला शिव्या. भाऊजी मागच्या चाकाशी उकिडवे बसले. तिथे दोन टायर शेजारी शेजारी असतात, जोडीने.

"ही जोडी कुणी लावली?"

"मालकाने. एक फुटला, म्हणून तेवढाच नवा घातला. आतला अजून बरा होता."

"इथेच घोडं पेंड खातंय," भाऊजी म्हणाले. "नवा उंच, जुना ठेंगणा. सगळं ओझं नवाच घेतोय. तापतोय, झिजतोय. एक दिवस फुटेल."

"म्हणजे जुन्याची मजा आहे."

"कसली मजा? त्याला धड जमिनीला टेकता येत नाही. नुसता फरफटतो. तोही वाया जातो. दोन्ही काढ, सारख्या उंचीचे घाल."

ड्रायव्हरने मालकाला फोन लावला आणि होकार मिळवला. भाऊजींनी डाव्या हाताने टॉमी उचलली. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली. बाहेर उभे असलेले दोघेतिघे लगेच दात काढायला लागले. "साहेब कामावर आले वाटतं." मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांना आपापल्या गाड्या आठवल्या.

नवऱ्याने पान्याने नट सैल केले, जॅक लावला, चाक खाली घेतलं. वेड्यावाकड्या पद्धतीने, पण घेतलं. मग रिमवर टॉमी सटकली.

"सोड," भाऊजी म्हणाले. "तुला नाही जमायचं."

आवाजात राग नव्हता. उलट माया होती. आणि माझ्या नवऱ्याने टॉमी तिथल्या तिथे सोडली. विचार नाही, कुरकुर नाही. चांगला बाप्या माणूस, पण ती खाली ठेवून, हात मागे घेऊन, लहान पोरासारखा बाजूला झाला.

इतकी वर्षं माझ्या रागाचा पत्ता ठरलेला होता. तो त्या क्षणी बदलला.

"भाऊजी, हे तुम्ही यांना पहिल्यांदा कधी म्हणालात?"

ते गोंधळले. "लहान होता गं. बोट सापडलं असतं."

"आणि आज? आज यांची मुलं कॉलेजात जातात."

"त्याच्यासाठीच तर केलं सगळं."

"त्यांच्यासाठी? तुम्हाला उस्ताद राहायचं होतं, म्हणून हे साहेब झाले. आत्ता ड्रायव्हरला काय सांगत होतात? तुम्हीच सगळं ओझं घेतलंत आणि यांना जमिनीला टेकू दिलं नाहीत." मग नवऱ्याकडे वळले, कारण त्यालाही सोडणार नव्हते. "आणि तुम्ही काही दूधखुळे नाही. पंख्याखाली बरं वाटत होतं, म्हणून बसलात."

भाऊजींचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं कदाचित, पण नाही वाटलं. ते दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून मागे सरकले.

नवऱ्याने टॉमी पुन्हा उचलली. काम लांबत गेलं. बोटांची सालं निघाली. ड्रायव्हर केबिनमध्ये जाऊन झोपला. भाऊजींचा डावा हात दर वेळी आपोआप पुढे यायचा, आणि मी खाकरले की मागे जायचा. शेवटी नवी जोडी चढली. नवऱ्याने एकेक नट आवळला आणि सवयीने मागे वळला.

"दादा, एवढे बास?"

भाऊजींनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तुला काय वाटतं?"

माझा नवरा हातातल्या पान्याकडे बघत राहिला. भावाने त्याला हे आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं.

"अजून थोडे आवळतो," तो म्हणाला आणि वाकला.

नट आधीच घट्ट होते. ते मलासुद्धा दिसत होतं, मग भाऊजींना दिसत नसणार थोडंच. ते काही बोलले नाहीत.