गावाला गुण देण्याचं काम

बेलव्ह्यू शहरातल्या ऑफिसात माझं काम होतं अलास्कातल्या दूरदूरच्या गावांना गुण देण्याचं. नोकऱ्या किती, उत्पन्न किती, नळ किती घरांत, इंटरनेट कसं, हे सगळं एकत्र करून प्रत्येक गावाचा एक आकडा काढायचा आणि नकाशावर रंग भरायचा. हिरवं म्हणजे गाव टिकेल, लाल म्हणजे कठीण आहे. कुठली शाळा दुरुस्त करायची आणि कुठे खर्च करण्यात अर्थ नाही, हे आमचा क्लायंट त्या रंगांवरून ठरवणार होता. शाश्वत विकास हा शब्द मी कॉलेजपासून ऐकत आले होते. तो मोजायला मिळतोय याचा मला अभिमान वाटायचा.

एक गाव अगदी तळाला गेलं, तेव्हा डेटा तपासायला मला तिकडे पाठवलं. उन्हाळा संपत आला होता. छोटं विमान खडीच्या धावपट्टीवर उतरलं. गावातून बाहेर जाणारा रस्ताच नव्हता, जे काही येणंजाणं होतं ते नदीवरून. ग्रामसभेची अध्यक्ष स्वतः मला घ्यायला आली होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, थांबून थांबून बोलणारी बाई. घरांमागे काठ्यांवर सॅमन माशाच्या फाकी वाळत होत्या. मी रत्नागिरीची, हा वास मला परका नाही, असं मी तिला सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मागच्या पाहुण्याने नाकाला रुमाल लावला होता."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिममध्ये सभा भरली. मी भिंतीवर नकाशा दाखवला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हा लाल रंग काय सांगतो?"

"तुमचा निर्देशांक कमी आहे."

"म्हणजे आम्ही इथे टिकणार नाही?"

"तसं थेट नाही..."

"माझी पणजी याच काठावर जन्मली. तुझी कंपनी कधीपासून आहे?"

लोक हसले. मला राग आला. मी म्हटलं, "इथल्या बहुतेक पुरुषांना नोकरी नाही, हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे," दाराजवळ उभा असलेला एक माणूस म्हणाला. "माझा भाऊ त्यातलाच. परवा त्याने मूस हरीण मारलं आणि वाटे घरोघर पोचवले. काल तू जेवलीस ते त्याच्याच वाट्यातलं. त्याला खुशाल बेरोजगार लिही. पण गाव कोणामुळे जेवलं, तेही लिही."

"त्यासाठी माझ्याकडे कॉलम नाही."

"मग कर," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मी प्रोजेक्टर बंद केला. परतीचं विमान पुढे ढकललं आणि पुढचे काही दिवस आम्ही सगळे त्याच जिममध्ये बसलो. काय मोजायचं यावरून त्यांच्यातच भांडणं झाली. शिकार न करणाऱ्या घरांत मांस पोचतं का, हे मोजा, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. आजीची भाषा नातवंडांना कळते का, हे आधी, असं दुसऱ्या कोणाचं. कडेवर बाळ घेतलेली एक तरुण बाई तडकून म्हणाली, "आणि यादीतून नळ काढून टाकू नका. बादल्या वाहायची मला हौस नाही." तिचं सगळ्यांनी मान्य केलं.

परत आल्यावर मी गावाने ठरवलेले ते प्रश्न मॅनेजरसमोर ठेवले. तो नागपूरचा, मनाने वाईट नाही. त्याने शांतपणे सगळं वाचलं.

"छान आहे यार, पण कम्पेअर कसं करणार? क्लायंटला एक नंबर हवाय. जुनाच स्कोअर फायनल कर."

"तो चुकीचा आहे. मी त्यावर माझं नाव घालणार नाही."

"तुझी ग्रीन कार्डची प्रोसेस कंपनीतर्फेच चालू आहे. जरा विचार कर."

"केलाय."

खरं तर केला नव्हता. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या नवऱ्याला सांगितलं. त्याने गॅस बंद केला. मग म्हणाला, "मागे घेऊ नकोस. बघू." टेबलाशी अभ्यास करणारी मुलगी म्हणाली, "देन डोन्ट साइन इट, आई." तिला त्यात अवघड काहीच दिसत नव्हतं.

क्लायंटच्या मीटिंगला मी अध्यक्षबाईंनाही कॉलवर बोलावलं. तसं करायची परवानगी मी कोणाची घेतली नव्हती. लाइन खरखरत होती, पण शब्द स्पष्ट होते. "आमची माहिती वापरायला ग्रामसभा नकार देते आहे. आमचं गाव आम्ही मोजू. तुम्हाला हवं असेल तर निकाल पाठवू." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांचं बरोबर आहे. ही पद्धत मीच बनवली, म्हणून सांगते."

अहवाल आला. इतर गावं रंगली, ते गाव माहितीविना राखाडी राहिलं. मला हॉस्पिटलच्या बिलिंगच्या प्रोजेक्टवर टाकलं. ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही, उशीर नेहमीचाच की मुद्दाम, कळायला मार्ग नाही. दर रविवारी मी ग्रामसभेबरोबर कॉलवर असते. त्यांचे प्रश्न आता नदीच्या वरच्या अंगाच्या दोन गावांनीही घेतलेत, आपापल्या भांडणांसकट.

परवा लंचला मॅनेजरने विचारलं, "ते तुझं गाव काय म्हणतंय?"

"माझं नाही, त्यांचं आहे," मी म्हटलं. "आणि आहे तिथेच आहे."