धान्य संपतानाचा आवाज

सिडकोत माझी पिठाची गिरणी आहे. अठ्ठावीस वर्षं मीच चालवते. वरच्या पेटीतलं धान्य संपत आलं की दगडांचा आवाज बारीक होऊन वर चढतो. तेवढ्यात पुढचा डबा ओतायचा, नाहीतर चाक फिरवून दगड सैल करायचा. चुकलं तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच उतरते. त्यासाठी मला कधी वाकून पाहावं लागलं नाही. ऐकूनच कळायचं.

मागच्या वर्षी शेजारीण डबा घेऊन परत आली. "काकू, भाकरी कचकचतेय. आमचे हे विचारतात, पिठाबरोबर दगड फुकट का?"

त्याच महिन्यात आणखी एक डबा परत आला. तो चढता आवाज मला ऐकूच येत नव्हता.

नवरा म्हणाला, "गाळा भाड्याने देऊन टाकू. मोबाइलवाला विचारतोय." मी दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं आणि कानाचं मशीन घेतलं.

पहिल्या दिवशी ते काढून फेकावंसं वाटलं. पंखा, नळ, पेपरची पानं, माझं स्वतःचं चावणं, सगळं एकाच मापाने डोक्यात ओतल्यासारखं. शिवाय महागाची वस्तू पिठाने खराब होईल, म्हणून मी ती कपाटात ठेवली. लग्नाला, बारशाला तेवढी घालायची, भारी साडीसारखी.

महिन्याने मशीन घेतलं तिथे तपासणीला गेले. किती वेळ वापरलं याची नोंद मशीनमध्येच असते, हे मला माहीत नव्हतं. तिथल्या मुलीने ती पाहिली.

"काकू, तुमच्यापेक्षा कपाटालाच जास्त ऐकू आलंय."

मग तिने समजावलं. कान आवाज फक्त आत पोचवतो. त्यातलं काय ठेवायचं नि काय सोडायचं ते मेंदू ठरवतो. माझ्या मेंदूला कित्येक वर्षं बारीक आवाज मिळालेच नव्हते. त्याची सवय मोडली होती.

"या वयात शिकेल?"

"रोज घातलंत तर. हळूहळू."

गिरणीतल्या गोंगाटासाठी तिने वेगळी सेटिंग करून दिली. मी दिवसभर मशीन घालायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात जेवताना मी विचारलं, "पंखा कुणी बंद केला?" नवऱ्याने नुसतं वर बोट दाखवलं. पंखा गरगर फिरत होता. लक्ष दिलं तर घरघर ऐकू आली, बोलायला लागले तर गेली. चार-पाच वेळा करून पाहिलं. जेवण तसंच राहिलं. आवाज कानात येतच होता, आत कुणीतरी तो चाळून बाजूला टाकत होतं, आणि मला विचारतही नव्हतं. मी जन्मभर चाळण्या हाताळल्या, पण इतकी बारीक चाळण पाहिली नव्हती.

दिवाळीच्या आधी भाजणी दळायला रांग लागली. मोटर, पट्टा, रस्त्यावरचे हॉर्न, आणि नंबरावरून दोघींची जुंपलेली. मी त्यांना दटावत होते, "अगं, तिचा डबा सकाळपासून इथे आहे." मध्येच माझ्या हाताने चाक फिरवलं. पेटीत डोकावले तर मूठभर दाणे उरलेले. आवाज चढल्याचं माझ्या लक्षात आलं ते त्यानंतर. मी भांडण ऐकत होते, तर दगड कोण ऐकत होतं?

"काकू, झालं का?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "मोबाइलवाल्याला नाही म्हणा."

"नक्की?"

"नक्की. आणि उद्या दुपारपर्यंत डबे घेऊ नका, दगड गुळगुळीत झालेत, त्यांना टाकी लावायला माणूस येतोय."