बाष्पीभवन वजा

समुद्र कधीही न पाहता समुद्राची एवढी काळजी वाहणारी व्यक्ती भारतात दुसरी झाली नसेल. अर्थात भारतभर फिरून मी मोजणी केलेली नाही, तेव्हा हे विधान नाशिक शहरापुरते धरावे. ही व्यक्ती म्हणजे माझी भाची. मूळची नांदगावची, म्हणजे पाण्याच्या हंड्यापाशी भांडण झाले नाही तो दिवस सणाचा मानणाऱ्या गावची. आठवीला तिला शिकायला माझ्याकडे ठेवले, तेव्हा मी ताईला म्हणालो होतो, "मुलगी शांत आहे, घरात कळणारही नाही." माझ्या आयुष्यात इतका चुकलेला अंदाज दुसरा नाही. आणि मी पाटबंधारे खात्यातला कारकून; अंदाजांवरच आमचे खाते चालते.

नववीत भूगोलाच्या तासाला तिला कळले की गोदावरी पूर्वेला वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. हे नाशिकमध्ये सगळ्यांनाच ठाऊक असते, पण ते मनावर घेतलेले मी कोणाला पाहिले नव्हते. संध्याकाळी ती मला म्हणाली, "मामा, म्हणजे आपण जे जे गंगेत टाकतो ते समुद्रात जातं?" नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. मी म्हणालो, "तत्त्वतः जातं." हा ‘तत्त्वतः’ तिने सोडून दिला आणि पुढच्या रविवारी आमच्या फाटकावर खडूने अक्षरे उमटली : ‘समुद्र रक्षक मंडळ, नाशिक’. अध्यक्ष ती स्वतः, वय चौदा. सभासद कॉलनीतली मुले. नियम एकच होता : मोठ्यांना बोलायची परवानगी आहे, मत देण्याची नाही. मला सल्लागार नेमण्यात आले. सल्लागाराचे काम शिडी धरणे आणि सायकल देणे, हे मला नेमणुकीनंतर कळले.

शेजारचे वकीलसाहेब फाटकापाशी थांबून रोज विचारायचे, "काय हो, समुद्र कुठं ठेवलाय? मागच्या दारी का?" मी ओशाळून हसायचो. ती मात्र हसत नसे. "काका, तुमच्या मोरीत सुरू होतो," असे ती त्यांना शांतपणे सांगायची.

घरात तिने जे राज्य चालवले त्याची कल्पना बाहेरच्यांना येणार नाही. दूध तेव्हा नुकतेच पिशवीतून यायला लागले होते. एकही पिशवी बाहेर जाता कामा नये, असा हुकूम निघाला. त्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या जात. पाहुण्यांना वाटे, आमच्याकडे सबंध डेअरीचे धुणे येते. माझी बायको कपड्यांना साबणाची पूड जास्त घालू लागली की माजघरातून आवाज येई, "मामी, मासे खोकतील." बायकोने एकदा वैतागून विचारले, "अगं, तुझे मासे आंध्रात. माझी पूड तिथवर पोहोचते का?" यावर दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी हातातला घास ठेवून, वाटेतले बंधारे, कालव्यांना जाणारे पाणी आणि पात्रात होणारे विरलीकरण असे सगळे समजावू लागलो. माझे बोलणे संपले तेव्हा ताटे उचलली गेली होती.

मंडळाचे खरे काम पुलावर चाले. नाशिकमध्ये निर्माल्य टाकण्याची एक पद्धत रूढ झाली होती : स्कूटर न थांबवता, एका हाताने, कठड्यावरून, पिशवीसकट. मुले पुलावर उभी राहत आणि पिशवी सुटली रे सुटली की भाची ओरडे, "काका, तुमचं काहीतरी पडलं." माणूस करकचून ब्रेक लावी, खिसे चाचपी, मागे वळून येई. "काय पडलं?" "पिशवी." तोवर तो मुलांच्या घोळक्यात सापडलेला असे. मग फुले मातीत पुरायची आणि पिशवी घरी न्यायची, असा धडा त्याला अतिशय नम्रपणे दिला जाई. एकदा आमचे वकीलसाहेबच सापडले. त्यांनी वाद घातला, हरले, आणि पुढे समुद्र कुठे ठेवला ते विचारणे बंद केले.

घोषणा रंगवताना मात्र माझ्यामुळे मंडळाची शोभा झाली. तिने पुलाजवळच्या भिंतीवर लिहायचे ठरवले, ‘गंगेतले सगळे समुद्रात जाते’. मी म्हणालो, "सगळं जात नाही. बाष्पीभवन वजा करायला हवं." सहा दिवस घोषणा अडली. सातव्या दिवशी भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत झळकले : ‘गंगेतले सगळे समुद्रात जाते’ आणि खाली कंसात, ‘बाष्पीभवन वजा’. शास्त्रशुद्ध घोषणा असलेली नाशिकमधली ती एकमेव भिंत असावी. ऑफिसात मला काही दिवस ‘या, बाष्पीभवन’ म्हणत.

मी तिला मुंबईचा समुद्र दाखवायला तयार होतो. तिने नकार दिला. "तो आपला समुद्र नाही, मामा. आपलं पाणी तिकडे जात नाही." हिशेबाने ती बरोबर होती. माणसांची ओळखही ती याच हिशेबाने ठेवी. त्र्यंबकच्या डोंगरापलीकडचे पाणी पश्चिमेला उतरते, म्हणून हरसूलहून येणारी भाजीवाली ‘दुसऱ्या समुद्राची’. तिच्या स्वतःच्या नांदगावचे पाणीही गिरणेतून तापीला, म्हणजे पश्चिमेच्याच समुद्राला जाते, हे मी दाखवून दिले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी इकडे दत्तक आलेय."

पुलावरच्या या उद्योगाची बातमी नांदगावला पोहोचली आणि दाजी, म्हणजे तिचे वडील, बिथरले. धान्याचे दुकान चालवणारा सरळ माणूस. "पोरगी परक्या माणसांना रस्त्यात आडवती. दहावी झाली का घरी आणायची," असा निरोप आला. तिला पुढे विज्ञानाला जायचे होते. दोरीवर पिशव्या वाळत घालणे थांबले, त्यावरून तिच्या मनातले बायकोने ओळखले. आणि दहावीची परीक्षा झाली, त्याच उन्हाळ्यात दाजींची आई गेली. भाची लहानपणी तिच्याच कुशीत झोपायची. म्हातारीने जन्मात विहिरीपेक्षा मोठे पाणी पाहिले नव्हते. "समुद्र खारट? मग येवढं पानी काय कामाचं?" असे ती नातीला विचारी, आणि वर, "एकदा बघीन मात्र," असेही म्हणे. दाजींचा निरोप आला : "येताना म्हातारीला आणतो, जाताना पोरीला नेतो."

रामकुंडावर अस्थी सोडायला आम्ही चौघे गेलो : दाजी, ताई, भाची आणि मी. एसटीत हिंदकळून मडके तडकले होते, म्हणून दाजींनी अस्थी बरोबर असलेल्या, दुकानातल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या होत्या. मंत्र झाले. पिशवीची गाठ काही सुटेना. गुरुजी म्हणाले, "असू द्या, तशीच सोडा. गंगेला सगळं चालतं." दाजी वाकले.

"अण्णा, पिशवी नको," भाची म्हणाली.

दाजी वळले. ताईने डोळे मिटले. "इथं बी सुरू झालं का तुझं?" दाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"आजीला समुद्र बघायचाय. पिशवीत राहिली तर ती मधेच अडकेल." मग तिने माझ्याकडे पाहिले. "मामा, कुठं अडकेल?"

अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावे. पण मला कोणी पाण्याबद्दल विचारले की उत्तर तोंडातून निघून जाते. मी म्हणालो, "पहिल्यांदा नांदूर-मध्यमेश्वरला. तिथं बंधारा आहे."

दाजी ओल्या हातांनी माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे म्हातारी तिथं थांबंल?"

"दरवाजे उघडेपर्यंत. पण जागा चांगली आहे, पक्षी येतात. त्यानंतर पैठणला जायकवाडी. ते मोठं आहे, तिथं वेळ लागेल. पिशवी असली तर जाळीलाच बसेल. मोकळं असलं तर पाणी सोडलं की पुढं."

"मंग पुढं समुद्र?"

"पुढं तेलंगण आहे," मी म्हणालो. ताईने मला कोपर मारले.

दाजी पायरीवर बसले. मग त्यांनी ती गाठ दातांनी सोडली. ओंजळीने थोडे थोडे पाण्यात सोडत राहिले, भाची शेजारी बसून तिच्या ओंजळीने सोडत राहिली. शेवटी त्यांनी पिशवी पाण्यात खळबळून धुतली, घडी केली आणि बंडीच्या खिशात घातली. घरी जेवताना ते एवढेच म्हणाले, "कालेज कवा सुरू व्हतंय?" मी म्हणणार होतो की तारीख अजून जाहीर झालेली नाही. बायकोने वाढता वाढता पायाने माझा पाय दाबला, म्हणून वाचलो.

भाची आता हरसूलच्या शाळेत शिकवते. तिथल्या मुलांना सांगते, "तुमचा समुद्र वेगळा, पण काम तेच." तिने अजून दोन्हीपैकी एकही समुद्र पाहिलेला नाही. मंडळाची मुले पांगली. पुलाजवळच्या भिंतीवर ट्यूबलाइटची जाहिरात आली; तिचा रंग खालच्या बाजूला उडाला आहे आणि तिथे निळ्या अक्षरांत फक्त ‘बाष्पीभवन वजा’ एवढे दिसते. कशातून वजा, ते आता कोणाला कळत नाही.

दाजी दर श्रावणात बाजाराच्या कामाने येतात आणि चहा घेता घेता विचारतात, "जायकवाडीतनं सोडलं का पानी?" मी ऑफिसात ऐकलेले सांगतो. ते मान हलवतात आणि बाजरीच्या भावाकडे वळतात. गेल्या श्रावणात भाचीही सुट्टीला आलेली होती, खाली बसून गवार मोडत होती. दाजींनी नेहमीचे विचारले, मी सोडल्याचे सांगितले. ते कप खाली ठेवून म्हणाले, "मंग आता पोचली असंल का?"

प्रवाहाचा वेग, खालची धरणे, गाळ, यातला एकही आकडा माझ्यापाशी नव्हता. मी म्हणालो, "पोहोचली."

भाचीने गवार मोडणे थांबवून वर पाहिले. "मामा, नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

मला वाटले, आता बाष्पीभवनाचे विचारणार. पण खाली मान घालून तिने पुढची शेंग घेतली.