रेडियमखालचं लेबल

“लेबल दिसत नाही, मॅडम. लेबल नसेल तर ही सीट केबिनमध्ये नेता येणार नाही.”

हे मी बोललो आणि लगेच मला वाईट वाटलं. मला सगळ्याचंच वाईट वाटतं. एअरलाइनच्या चेक-इन काउंटरवर बसणाऱ्याला हा स्वभाव परवडत नाही, पण पन्नाशीत तो बदलतही नाही.

समोर प्रणाली उभी होती. जर्मनीत नोकरी, माहेर बाळापूरजवळ. अकोल्याहून विमान नाही, म्हणून तिकडची मंडळी आमच्याकडे अमरावतीला येतात. तिच्या कडेवर दीड वर्षाची इरा, ट्रॉलीवर लहान मुलांची कार सीट. सोबत वडील, वानखडे काका. ते दोघींना मुंबईपर्यंत पोचवायला निघाले होते. तिथून मायलेकींचं पुढचं विमान.

दोन वर्षांखालचं मूल विमानात मोठ्या माणसाच्या मांडीवर बसू शकतं. आईबापांना जास्त सुरक्षित हवं असेल, तर त्याच्यासाठी वेगळी जागा घेऊन तिच्यावर कार सीट बांधता येते. मात्र ती विमानात चालते असं तिच्यावर छापलेलं लागतं. बहुतेकदा लाल अक्षरांत. हवेत धक्के बसले आणि सीटच निखळली, असं नको.

“येताना होतं हो!” प्रणाली सीट उलटीपालटी करत म्हणाली. “याच सीटमध्ये आणलं मी हिला.”

“नसन तं नसन,” काका म्हणाले. “मी घेतो मांडीवर. तुले शेगावले एस्टीत मांडीवरच नेलं होतं. पडली काय तू?”

“बाबा, तुम्ही तर बोलूच नका. या सीटला लिंबू-मिरची कोणी बांधली?”

“गाडी असो का गाडीची शीट, पूजा तं लागतेच.”

पूजा साग्रसंगीत झाली होती. पट्ट्यांवर कुंकू होतं. बाजूला टेम्पोच्या काचेवर असतं तसं झगझगीत रेडियम: ‘आबाची पुण्याई’. आबा म्हणजे अर्थातच काका. मी वाकून पाहिलं. रेडियमच्या कडेखालून एका लाल अक्षराचं शेपूट डोकावत होतं.

मान वर केली. काका माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात आमचे मॅनेजर इंगोले सर आले. “काय होऊन राहिलं? बोर्डिंग सुरू करायचं आहे.”

“सर, सीटचं लेबल...”

“नाही ना? मग होल्डमध्ये टाका, विषय संपवा.” होल्ड म्हणजे विमानाच्या पोटातली सामानाची जागा. सर गेले.

प्रणाली बाजूला जाऊन नवऱ्याला फोन लावू लागली. काका काउंटरवर झुकले.

“भाऊ, आता गेली तं दोन वर्स येत नाही ते. आल्यापासून पोरगी माह्या मांडीवर टिकली नाही. गाडीत शीट, जेवाले शीट. एवढं एक विमान मले द्या.”

“काका, स्टिकर मुद्दाम तिथेच लावलं?”

“रेडियमवाल्यानं लावलं.” मग आवाज खाली आणून, “जागा म्या दाखवली.”

खरं सांगतो, माझा हात होल्डच्या टॅगकडे गेला होता. सर खूश, काका खूश, रांग मोकळी. पण त्या बाईनं ती सीट जर्मनीहून हौस म्हणून वाहून आणली नव्हती. मी नखानं रेडियम सोललं.

“सापडलं, मॅडम. स्टिकरखाली गेलं होतं.”

प्रणालीनं वडिलांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं. मग माझ्याजवळून जाताना पुटपुटले, “मोठे इमानदार!”

सीट नीट बांधली का ते बघायला मी विमानात गेलो. सीट खिडकीशीच बांधतात, म्हणजे कुणाची बाहेर पडायची वाट अडत नाही. शेजारी प्रणाली, मधल्या वाटेच्या पलीकडे काका. ते माझ्याकडे बघेनात. मला राहवेना.

“काका, डोक्यावर तो ‘पट्टा बांधा’ सांगणारा दिवा आहे ना, तो विझला की तिला काढून मांडीवर घेता येतं. चालतं तसं.”

काकांचा चेहरा असा खुलला, की मी पुण्य कमावल्यासारखा पायऱ्या उतरलो.

दोन दिवसांनी काका परत आले. सामान घेऊन थेट माझ्यासमोर. मी उभाच राहिलो.

“इझलाच नाही तुमचा दिवा! ढग होते म्हणे. मुंबई येईलोक वर पाहू पाहू मान अखडली.”

“माफ करा, काका. मी...”

“आयका तं. उतरलो तं पोरगी शीटमंदी झोपेल. ‘बाबा, उठवू नका’ म्हणे माय तिची. मंग काय! शीटसकट घेतली मांडीवर. त्याईच्या विमानाची येळ होईलोक तशीच. हाललो बी नाही.” त्यांनी दोन्ही मांड्या कौतुकानं चोळल्या. “वळ पडले ना बाप्पा! जर्मनीचं काम लय वजनी.”

तेव्हापासून दिव्याबद्दल मी कुठल्याच प्रवाशाला आशा लावत नाही. तो कॅप्टनच्या हातात असतो, आणि मागे कोण कशासाठी वर बघत बसलंय, हे कॅप्टनला कुणी सांगत नाही.