ओवीचा घास

आमच्या अंगणवाडीत रजिस्टरं ढीगभर. हजेरीचं वेगळं, वजनाचं वेगळं, लसीचं वेगळं, आणि तेच सगळं परत मोबाईलमधी भरायचं ते वेगळंच! पण दिवसभर जे खरं घडतं, ते लिहायला एक बी रकाना न्हाई. मंग ते डोक्यात साचत जातं. मीटिंगला चार सेविका भेटल्या, की एकीनं तोंड उघडायचा अवकाश, चहा थंड होईस्तोवर कुणी थांबत न्हाई.

माझ्याकडचे चांगले किस्से मात्र एकाच पोरीपायी घडलेले. ओवी तिचं नाव. वय दोन. वाटूरजवळच्या आमच्या गावातली. वजन काही केल्या वाढेना, सारखं पोट दुखायचं, चेहरा पांढराफटक. तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडमनी तिला जालन्याला पाठवलं. रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. अहो, शिसं! धातू!

"हे रोज थोडं थोडं पोटात जातंय," मॅडम म्हणाल्या. "वाढत्या मेंदूला फार वाईट. कुठून जातंय ते शोधा आणि बंद करा. तीन महिन्यांनी परत रक्त बघू."

मॅडमनी यादी सांगितली, मी वहीत उतरवून घेतली. भडक रंगाची सुटी हळद. बाजारचं काजळ. जुनी कल्हईची भांडी. रंग उडालेली खेळणी. घरातल्या कुणाच्या कामाच्या कपड्यांवरची, हातावरची धूळ.

येताना बसमधी ओवी माझ्या मांडीवर झोपून गेली. तिची आई मनीषा खिडकीबाहेर बघत एकच बोलली, "ताई, मी काय चुकीचं खाऊ घातलं हो हिला?"

*

पहिला मोर्चा हळदीवर. मी मातांची बैठक घेतली. पिवळीधमक सुटी हळद आणू नका, हळकुंडं आणून घरी कुटा, असं दोनदा-तीनदा समजावून सांगितलं. बायांनी ते भलतंच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानावर हीऽ गर्दी.

"गंगाधरशेठ, तुमच्याकडं सगळ्यात फिकी हळद कोणती?"

शेठ चक्रावले. संध्याकाळी तरातरा अंगणवाडीवर आले. "ताई, माल चमकत न्हाई म्हणून मी इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या. आज चमकतो म्हणून खाऊन राह्यलो! मी करू काय?"

"हळकुंडं ठेवा," मी म्हणलं.

ठेवली की बिचाऱ्यांनी! वर पाटी बी लावली, 'लहान लेकरांसाठी न चमकणारा माल.'

*

आमच्या खिचडीतली हळद बी मी बदलली. त्याच्या आधी दोन दिवस मात्र बिनहळदीची खिचडी शिजली. लेकरांनी ताटाकडं बघितलं आणि तोंडं फिरवली. चार वर्षांचा एक जण म्हणाला, "ही खिचडी आजारी हाये."

कौसाबाई म्हणजे आमची मदतनीस. साठीला टेकलेली, सगळ्या गावाची मावशी, आणि तोंड असं की सरपंच बी रस्ता बदलून जातो. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजारी हाये ना? मंग तिला एकटी कशाला ठेवता? पोटात घ्या की!"

आणि कमाल बघा, सगळ्यांनी खाल्ली.

*

आता काजळ. ओवीची आजी सोनाबाई. नातीच्या डोळ्यांत बोटभर काजळ आणि गालावर रुपयाएवढी तीट, ह्याच्याशिवाय पोरीला उंबरा ओलांडू द्यायची न्हाई. मी सांगितलं, लेकरू डोळे चोळतं, तेच बोट तोंडात घालतं, काजळ बिलकुल बंद.

"आन दृष्ट लागल्यावर? तुमचं रजिस्टर उतरवणार का दृष्ट?"

पण आठ दिवसांनी ओवी आली, ती स्वच्छ डोळ्यांनी. मला इतकं बरं वाटलं! वजन करायला काटा काढला, तर काट्याच्या बरोबर मधोमध काळा ठिपका. सोनाबाई पदर सावरून शांत उभ्या.

"पोरीला कशाला लागती दृष्ट," त्या म्हणाल्या, "तिच्या वजनाला लागली. म्हणून काट्याला लावली तीट."

म्हणजे मागल्या दारानं येऊन लावून गेल्त्या! पुढच्या हप्त्यात सुपरवायझर मॅडम आल्या. चष्मा वर करून विचारलं, "ह्या काट्यावर डाग कसला?"

कौसाबाई म्हणाली, "मॅडम, आमचा काटा देखणा हाये ना, म्हणून!"

*

सोनाबाईंचं एक पितळी पातेलं होतं, लग्नातलं. कल्हई करून करून वापरलेलं. ओवीचं वरण त्यातच शिजायचं. ते बंद करा हे सांगायला माझी जीभच रेटेना. पण म्हातारीनं ऐकलं, पातेल्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "पातेल्याचं काय, नात ऱ्हायली पायजे." माझे डोळे भरून आले.

चार दिवसांनी घरी गेले, तर पातेलं अंगणात. त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलेलं.

"चांगलं केलं," मी म्हणलं. मंग एकदम ध्यानात आलं. "आजी, ह्या कोंबड्यांची अंडी कोण खातं?"

"कोण म्हंजी? ओवी!"

पातेलं त्याच दिवशी भिंतीवर टांगलं. कोंबड्यांना स्टीलची परात मिळाली. गावात स्टीलमधी पाणी पिणाऱ्या कोंबड्या फक्त आमच्याच!

*

एवढं सगळं करून दीड महिना गेला, आणि पोरीचं पोट दुखायचं थांबेना. मनीषा तर वाळून गेल्ती. तांदूळ पाच-पाच पाण्यांनी धुवायची, भात जास्तीच्या पाण्यात शिजवून पाणी ओतून द्यायची, डब्यातला एकेक मसाला माझ्यापुढं धरायची. "ताई, आता घरात काय राह्यलं हो?"

एक दिवस दिवेलागणीला तिच्या घरी बसून मी वही परत वाचली. शेवटची ओळ, माझ्याच अक्षरातली, कामाच्या कपड्यांवरची, हातावरची धूळ. ती मी लिहून घेतल्ती आणि तशीच सोडून दिल्ती. सैपाक बायकांचा, म्हणून चूक बी बायकांचीच असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. मी बी! इतकी वर्षं सेविका असून!

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. ओवीचा बाप संतोष. वाटूरच्या फाट्यावर एका दुकानात जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम करायचा. ओवी धावत जाऊन त्याच्या मांडीवर बसली. दिवसभर कुणाच्या हातानं धड न खाणारी पोरगी, तोंडाचा आऽ करून तयार. त्यानं पँटीला हात पुसले, भाकरी वरणात कुस्करली आणि पहिला घास तिच्या तोंडापाशी नेला. पिवळ्या वरणात त्याची काळी नखं.

"संतोष, थांब!" मी ओरडलेच.

मंग बॅटरीतलं शिसं, त्याची हातावर-कपड्यांवर बसणारी धूळ, हळूहळू सगळं सांगितलं. त्याचा हात तसाच हवेत. वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी त्याला भान न्हाई.

"म्हंजी ताई... मीच?"

मी म्हणलं, तुला ठाऊक नव्हतं. मनीषा म्हणाली, आम्हाला कुणालाच नव्हतं. तो उठला, हौदापाशी गेला आणि हात धूत बसला. लई वेळ धूत बसला.

*

त्यानं ते दुकान सोडलं. रोपवाटिकेत पिशव्या भरायचं काम धरलं. जुने कपडे घराबाहेर काढले, अंथरुणं-पांघरुणं धुतली, मनीषानं घर ओल्या फडक्यानं चार-चारदा पुसून काढलं. सगळं बराबर झालं. फक्त त्यानं ओवीला भरवायचं बंद केलं ते केलंच.

आणि ओवीनं खायचं!

दोन दिवस ताट पुढं, तोंड घट्ट मिटलेलं. आईनं भरवलं, थुंकलं. आजीनं भरवलं, थुंकलं. तिसऱ्या दिवशी मनीषानं डोकं चालवलं. संतोषला समोर बसवलं, दोन्ही हात पाठीमागं. तो म्हणायचा "आऽऽ", ओवीनं आ केला की मनीषा पटकन चमचा आत सरकवायची. रोज तीन टाईम हाच कार्यक्रम. वर्गात शिक्षा झाल्यावाणी एवढा मोठा माणूस हात मागं बांधून बसायचा, आणि बायको-लेकीबरोबर स्वतः बी तोंड उघडायचा!

मी किती समजावलं, "अरे, आता हात साफ हायत तुझे. आंघोळ करतो, नखं कापतो. भरव की."

"न्हाई ताई. ह्या हाताचा मला भरोसा न्हाई."

*

तीन महिने भरले. परत रक्त दिलं. रिपोर्टचा फोन आला तेव्हा अंगणवाडीत खिचडीच्या पंगती बसल्या होत्या. संतोष सकाळपासून पायरीवर बसून होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"बरंच उतरलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "अजून वेळ लागेल, पण उतरतंय. असंच चालू ठेवा."

मनीषा भिंतीला टेकून रडायलाच लागली. सोनाबाईंनी आधी काट्याला हात जोडले, मंग मला. संतोष मात्र पायरीवरून हलेना. हात मांडीखाली दाबून बसलेला.

कौसाबाई आतून पाण्याची बादली आणि साबण घेऊन आली. काही बोलली न्हाई, हेच नवल! त्याच्यापुढं उकिडवी बसली, त्याचे दोन्ही हात ओढून बाहेर काढले आणि धुवायला लागली. एकेक बोट, एकेक नख, मनगटापर्यंत. शी केलेल्या लेकराला धुवावं, तसं. तो रडत होता, आणि पंगतीतली सगळी पोरं घास हातात धरून बघत होती.

पदरानं त्याचे हात पुसून तिनं खिचडीचं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं.

"भरव."

त्यानं घास केला. पण तो परत ताटात ठेवला. ओवी पंगतीतून उठून आली. त्याच्यासमोर उभी राह्यली. त्याचं मनगट दोन्ही मुठींनी पकडलं, हात उलटा करून बघितला, परत सुलटा केला.

मंग तिनं आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले, त्याच्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, आऽऽ!" आणि त्याच्या घासासाठी स्वतःचं तोंड उघडलं.