पाणवठ्यावरचा हॉर्न

रुपरावांना हॉर्न वाजवल्याशिवाय चैन पडत नसे. एकतीस वर्षं ट्रक चालवला म्हणजे माणसाची अर्धी बोली हॉर्नमध्येच जाते. वळणावर एक, ढाब्यावर ओळखीचा दिसला की दोन, आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या ऑटोवाल्याला जे काही सांगायचं ते एका लांब हॉर्नमध्ये, तोंड न विटाळता. शहराच्या एका टोकाला, वाडीत, गोदामांच्या मागे ते भाड्याच्या खोलीत राहत. फेरीहून परतले की गल्लीच्या तोंडाशी दोन हॉर्न देत, आणि घरात बायको वच्छलाबाई चहा ठेवत. वच्छलाबाई गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. त्यानंतरही काही महिने रुपराव दोन हॉर्न देत राहिले, आणि कुलूप उघडून आपणच चहा ठेवत राहिले. शेजाऱ्यांनी कटकट केली तेव्हा बंद झालं.

मुलगा आयुष त्याच शहरात बेसाला, फ्लॅटमध्ये. वाडीहून बेसा म्हणजे काही दिल्ली नव्हे. पण रविवारी फोन केला की "येतो ना बाबा, पाहतो," एवढंच यायचं, आयुष यायचा नाही. पोरगा वाईट नव्हता. त्याला वेळ नव्हता आणि बापाकडे वेळच वेळ होता, मग या दोघांचं जमणार कसं?

साठी उलटली, लांबची गाडी झेपेना. तेव्हा रुपरावांनी उन्हाळ्यापुरतं एका ठेकेदाराचं काम धरलं. उमरेडच्या पुढे जंगलात टँकरने पाणी न्यायचं आणि सिमेंटचे पाणवठे भरायचे. मे महिन्यात तिथले नाले आटतात आणि सगळी जनावरं त्या पसरट टाक्यांतल्या पाण्यावर तगतात. पाइप सोडायचा, टाकं भरायचं, पुढच्या टाक्याला निघायचं. रेंगाळायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्नचं तर जंगलाच्या फाटकावर पाटी लावूनच लिहिलं होतं.

पाटी तीन आठवडे पाळली गेली, हेच आश्चर्य. एका दुपारी टाकं भरून रुपरावांनी टँकर जरा लांब मोहाच्या सावलीत लावला, केबिनमध्ये डबा उघडला, आणि हात आपोआप गेला. दोन हॉर्न. लगेच जीभ चावली, पण वाजायचं ते वाजलं होतं. पहिली भाकरी संपेपर्यंत झाडीतून चितळं आली, चौदा-पंधरा, आणि पाण्याला लागली.

योगायोग असेल. पण मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी रुपरावांनी मुद्दाम वाजवून पाहिलं. आठवडाभरात कळप हॉर्न ओळखायला लागला. एरवी चितळ पाण्यावर येतं ते किती भीतभीत. चार पावलं टाकेल, थांबेल, कान फिरवेल, पाय आपटेल, उगाच परत फिरेल. ही मात्र पंगतीला बोलावल्यासारखी सरळ चालत यायची. रुपरावांना वाटलं, माया लागली. एका मादीचा डावा कान फाटलेला होता, तिच्यामागे पाडस असायचं. ती दिसली की त्यांचं जेवण गोड लागायचं. आपण बोलावलं आणि कोणी आलं, असं त्यांच्या आयुष्यात बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं.

तिथली वनरक्षक कामिनी, आयुषपेक्षा लहान, पायी गस्त घालायची. एक दिवस तिने टँकर थांबवला.

"काका, त्या मोहाजवळच्या टाक्यावर वाघिणीनं दोन चितळं मारली. भर दुपारी. असं होत नाही कधी."

"उन्हाळा आहे वं. तिलेही तहान लागत असंन."

"पाण्यावर नाही येऊन राहिली ते. मागच्या झुडपात जागा करून बसून राहते. कशाची वाट पाहते, काय माहीत."

रुपरावांनी गाडीला गिअर टाकला. त्यांना कळलं नाही, असं नाही. त्यांनी कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. पानही हलत नव्हतं. टाकं भरून रुपराव सावलीत आले आणि त्यांनी दोन हॉर्न दिले. उद्यापासून नाही वाजवायचा, असं ते मनाशी म्हणत होते. दारू सोडणारा म्हणतो तसंच.

चितळं निघाली. आणि त्याच वेळी टाक्यामागच्या घाणेरीच्या झुडपात काहीतरी पिवळं सरकलं आणि दबलं. हॉर्नवर तीही आली होती.

वर झाडावर एक वानर धोक्याचं खाकरलं. चितळं जागच्या जागी थांबली. कान ताठ, शेपट्या उभ्या, एक खूर वर. आणखी क्षणभराने ती उधळून निघून गेली असती. पण रुपरावांचं भान सुटलं होतं. पळा, पळा, एवढंच त्यांना सांगायचं होतं, आणि सांगायला त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती. त्यांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

वानराचा आवाज त्यात बुडून गेला. फाटक्या कानाच्या मादीने टँकरकडे पाहिलं, उचललेला खूर खाली टेकवला, आणि ती पाण्याकडे चालू लागली. बाकीची तिच्यामागे निघाली. या आवाजाचा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता, आणि तो रुपरावांनीच शिकवला होता.

मग जे झालं ते इतकं पटकन झालं की हॉर्नवरचा हात निघायच्या आत मादीची मान वाघिणीच्या जबड्यात होती. धूळ, खुरांचा दडदडाट, आणि मग कुठेच काही नाही. वाघिणीने तिला ओढत झुडपात नेलं. पाडस दूर उभं राहून टँकरकडे बघत होतं.

रुपरावांनी फाटकावर येऊन कामिनीला सगळं सांगितलं. "मीच बोलावलं वं त्यायले. पहिले बोलावलं, अन् हाकलाले गेलो तं पुन्हा बोलावलंच." ते रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

कामिनीने गस्तीची वही मिटली. "आता वाजवू नका काका," ती म्हणाली. "अन् सावलीत थांबूही नका. तुमी दिसले तं ते हॉर्नची वाट पाहत बसतीन."

रुपरावांना ते काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकं भरलं, टँकर मोहाखाली आणला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि गप्प बसले. काही मागायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं.

कळप आला. झाडीच्या कडेला उभा राहिला. पाणी पन्नास पावलांवर, ऊन असं की जिभा बाहेर याव्यात. पण एकही पुढे होईना. सगळी टँकरकडे तोंड करून उभी होती. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. पाडसाने एकदा पाऊल टाकलं आणि मागे घेतलं.

रुपराव जाईपर्यंत ती पाणी पिणार नव्हती. त्यांनी गाडी सुरू केली आणि आरशात न बघता पुढच्या टाक्याकडे निघाले.