रंगनाथभावजींचे वजनदार स्पीकर

रंगनाथभावजी गिऱ्हाइकाला स्पीकर ऐकवत नसत, उचलायला देत. मस्तगडच्या त्यांच्या दुकानात पाय ठेवला की खोकं थेट तुमच्या हातात. "धरा वहिनी, वजन बघा. कंपनीचा माल जडच राह्यते." हे आमच्या मालकांचे चुलतभाऊ. अख्ख्या कुळात असा लबाड दुसरा झाला नाही, आणि त्यांना माझ्याइतकं बावळट गिऱ्हाईकही मिळालं नसेल.

खऱ्या कंपनीचं नाव मेघनाद. भावजींच्या फळीवर मेघनाथ, मेघानंद, न्यू मेघनाद असे सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. रंग तोच, विजेचं चित्र तेच. कुणी हटकलंच तर म्हणत, "एकाच घरचे लेकरं हायेत हो, कशाला भेदभाव करता?"

माझ्या सुनंदाचं लग्न भोकरदनला ठरलं. विहीण तिखट जिभेची. रुखवतात लाडू-करंज्या सगळेच मांडतात, मी स्पीकर मांडायचा ठरवला. तेव्हाचा माझा तोरा काय विचारता! काकडीसुद्धा चाखून घेणारी मी; इथं मात्र खोकं उचललं, "लई जड हाय" म्हणून खूश झाले आणि घेऊन आले. वाजवून बघायचं सुचलंच नाही.

मांडवभर "कंपनीचा आहे" सांगत फिरले. विहीणबाईंनी तो लावायला सांगितला. डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा गुणगुणला आणि बंद पडला. जावयाच्या मामांनी मागची फळी काढली, तर आत सिमेंटचा गोळा.

"पोरीसंग घर बांधायचं सामानबी धाडून राह्यल्या का?" विहीणबाई म्हणाल्या. मांडव हसला, सुनंदानं मान खाली घातली. भावजी पंगतीत होते. त्यांनी आणखी एक जिलबी मागून घेतली.

माझी झोप उडाली. पहिल्याच दिवशी हसं झालं, आता पोरीचा तिथं निभाव कसा लागायचा? ती माहेरी आली तशी तिला घेऊन दुकान गाठलं.

"बदलून देतो न वहिनी, चिडता कशाला?" भावजींनी दुसरा स्पीकर हातात दिला. आणि मी शहाणी काय म्हणाले? "सुनंदे, हा तर त्याच्यापेक्षा जड हाय गं!"

सुनंदानं काउंटरवरचा पेचकस उचलला आणि फळी उघडली. आत आणखी मोठा गोळा.

"काका, घरच्या माणसालाबी?"

भावजी जराही हलले नाहीत. "पोरी, मी पहिले अस्सलच दाखवला होता. तुझी माय म्हणाली, हलका हाय, पोकळ असंल. मंग तिच्या मनासारखं दिलं."

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. मग जी हसत सुटली ती थांबेना. सासरी जाऊन तिनं सासूला सगळं सांगितलं, माझी नक्कल करून. दोघी पोट धरून हसल्या म्हणे, आणि तिथून त्यांचं जे जमलं ते आजपर्यंत.

भावजी गेले तेव्हा मी डोळ्याला पदर लावला नाही. जन्मभर खोटं विकणारा माणूस. खरं एकदाच बोलला, तेही माझ्या लेकीसमोर.